गालातली गोळी

गुणाजी सावंत म्हणजे भांडुपातला एक नंबरचा संशयी म्हातारा. दूधवाला पाणी घालतो, मीटर जादा पळतं, आणि सून मानसी तर घाटावरची, तिचा काय भरवसा! गिरणीत असल्यापासूनची खोड, ती काय जाते?

यंदा तो पांढराफटक पडला. रक्त निम्म्यावर आलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून पाहिलं, खालून पाहिलं, दुर्बिणीला काहीच सापडलं नाही. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "शौचाला काळं होईल, घाबरू नका."

गोळी द्यायची मानसी. काळं झालं, आणि ह्याच्या डोक्यात किडा वळवळला. ही गोळीतून विष देत असेल, आणि डॉक्टरीणबाईंना हिनंच फितवलं असेल तर? मग काय, गोळी गालात धरायची, वर पाणी प्यायचं आणि सुनेची पाठ वळली की तुळशीच्या कुंडीत पुरायची. आता बोला!

पण गोळी पोटात जात नव्हती, तरी काळं थांबेना. म्हणजे ही जेवणातच घालते! तो स्वतः पेज रांधून खाऊ लागला. तरी काळंच. तेव्हा मात्र त्याची टरकली. संशय घ्यायला आता कुणी उरलंच नव्हतं.

पुढच्या तपासणीत रक्त आणखी उतरलेलं.

"गोळ्या नियमित घेताय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी स्वतः देते," मानसी म्हणाली.

"काळं गोळ्यांमुळंच होतंय. थोड्या वाढवून बघू."

गुणाजी कात्रीत सापडला. गप्प बसावं तर जीव जातोय, बोलावं तर अब्रू. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "पयल्यो चार सोडून गोळी मी एकव गिळूक नाय, तुळशीत पुरलंय. माका हिचो संशय इलो."

मानसीचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई मात्र ताठ बसल्या. "मग हे काळं रक्ताचं आहे. लहान आतड्यात कुठंतरी गळतंय. आमची दुर्बीण तिथवर गेलीच नव्हती."

त्यांनी कॅमेऱ्याची गोळी दिली, समोर गिळायला लावली. फोटोंत आतड्याच्या आत बिघडलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके दिसले. एक झिरपत होता. मग लांब दुर्बिणीनं आत जाऊन डाग देऊन ते बंद केले. पुन्हा गळू शकतं म्हणाल्या, रक्त तपासत राहा, लोहाच्या गोळ्या चालू राहतील.

घरी मानसीनं गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं कबूल केल्यापासून ती कामापुरतंच बोलत होती. गुणाजी पाणी प्यायला. ती पाठ न वळवता उभीच.

"तोंड उघडा, बाबा."

त्यानं उघडलं, गालात बोट फिरवूनही दाखवलं. तिनं वाकून नीट पाहिलं, आणि मग जाऊन तुळशीची कुंडीही उकरून बघून आली.