गोविंदरावांचं पंपहाऊस

पंपहाऊसमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते गाळासारखे आपोआप साचतात. चार दोस्त जमले की मी एकेक उपसायला घेतो, आणि आतून बायको ओरडते, "झालं का सुरू तुमचं मद्रास?"

झालं सुरू! साठच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापूरहून मद्रासला समुद्राकाठच्या एका पॉवर हाऊसमध्ये ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो. कोळसा जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि ती सगळी धग निववायला समुद्राचं पाणी. ते ओढायला दोन अजस्र पंप, एक चालू आणि एक राखीव. पाणी थांबलं तर मशीन तिथल्या तिथे बंद करायचं. नाहीतर मशीन जायचंच, जाताना आसपासची माणसंही घेऊन जायचं.

आमच्या शिफ्टचे प्रमुख गोविंदराव, तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज भोसल्यांबरोबर तिकडे गेले ते तिकडचेच झाले. त्यांची मराठी माझ्या पणजोबांच्याही आधीची, वर तमिळ हेल. मी हसलो की म्हणायचे, "तम्बी," म्हणजे धाकट्या भावा, "शिळी नाही ही, मुरलेली आहे!"

पण त्या वर्षी त्यांचा जीव टांगणीला लागलेला. शिफ्टमध्ये दोनदा मशीन बंद पडलं होतं, आणि सुपरिंटेंडेंट साहेबांनी भर ऑफिसात बजावलं होतं, "आणखी एकदा बंद पडलं, तर तुमची बदली डोंगरातल्या धरणावर!" गोविंदरावांच्या बायकोला, कमलाकाकूंना, भयंकर दमा. डॉक्टरनं सांगितलेलं, थंड हवेत नेलंत तर माझ्याकडे परत आणू नका. तेव्हा आता जे सांगतो त्यातला प्रत्येक बिघाड गोविंदरावांना कुठे लागत होता, ते ध्यानात ठेवा.

* * *

एकदा दुपारी पाणी अचानक कमी झालं. समुद्राकडून कचरा आत येऊ नये म्हणून तोंडाशी लोखंडी जाळी असते. ती वर काढली तर बांगडेच बांगडे! अख्खा थवा येऊन अडकलेला. इकडे टर्बाइन तापत चाललंय, आम्ही फावड्यांनी मासे उपसतोय, आणि गोविंदराव, लसणाच्या वासानंही अंघोळ करणारा माणूस, नाकाला उपरणं लावून स्वतः फावडं मारताहेत.

पाणी अगदी वेळेवर पुन्हा सुरू झालं. गोविंदराव मटकन खाली बसले.

"तीन पिढ्या ताकभातावर काढल्या तम्बी," ते म्हणाले, "आणि माझ्या मशीनला बांगडे हवेत!"

* * *

आयुधपूजेला तिकडे सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लावतात. आमच्या कामगारांनी राखीव पंपाची पूजा अशी काही बांधली, की नवऱ्यामुलीनं लाजावं. झेंडूचे हार, केळीचे खांब, जिथे जागा मिळेल तिथे चंदनाचा ठिपका.

दुसऱ्या दिवशी तो पंप चालवला, आणि घटकाभरात बेअरिंगमधून धूर! तेलाची पातळी दाखवणारी एक काचेची खिडकी असते. सगळ्यांत ठसठशीत चंदन नेमकं तिच्यावर थापलेलं. पुसायचं कोण? देवाचं चंदन! सगळे येता-जाता नमस्कार करत होते, आणि आत थेंबभर तेल नव्हतं.

नशीब, दुसरा पंप लगेच चालू झाला. गोविंदरावांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली, मग दोन्ही गालांवर मारून घेतल्या.

"अम्मा, तू प्रसन्न आहेस ते कळलं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी कपाळ कुठे आहे तेवढं विचारून चंदन लावू!"

* * *

वीजच गेली तर काय? त्यासाठी डिझेलवरचा छोटा पंप होता. दर सोमवारी त्याची चाचणी, आणि दर सोमवारी पठ्ठ्या एका झटक्यात सुरू! साहेब खूश.

मग एका गुरुवारी खरोखर वीज गेली. ऑपरेटर षण्मुगम बटण दाबतोय, दाबतोय, पंप ढिम्म! आमची पाचावर धारण. शेवटी चौघांनी हँडल मारमारून तो कसाबसा सुरू केला.

चौकशी केली तेव्हा कळलं, की पंपाची बॅटरी कधीच मेलेली. दर सोमवारी राख न्यायला लॉरी यायची. षण्मुगम तिची बॅटरी घटकाभर उसनी घेऊन चाचणी पास करून टाकायचा!

मला वाटलं गोविंदराव त्याला फाडून खाणार. त्यांनी फक्त हात जोडले. "षण्मुगा, त्या बिघाडाला पण सांगून ठेव बाबा, आलास तर सोमवारी ये!"

नवी बॅटरी त्याच संध्याकाळी आली.

* * *

आता शेवटचा. हा मी हसत सुरू करतो, पण हसत संपवता येत नाही.

मार्गळी महिना, म्हणजे आपला डिसेंबर. मद्रासची थंडी ती काय, पण तिथले लोक कानाला मफलर गुंडाळून फिरतात. नुकता मोठा पाऊस झालेला, नदीतून वाहून आलेली सगळी झाडी समुद्रात आणि समुद्रातून आमच्या जाळीवर. एक पंप चालू ठेवला, दुसरा बंद करून तो ज्या विहिरीतून समुद्राचं पाणी ओढतो तिच्यात मुनुसामी उतरला. हा जवळच्या कुप्पमचा, म्हणजे कोळीवाड्याचा, बुडी मारून जाळी साफ करण्यात पटाईत. कमरेला दोर. वर काठावर गोविंदराव आणि मी, शेजारी कंट्रोल रूमचा टेलिफोन.

आणि चालू पंप धाडकन बंद पडला!

फोन खणाणला. कंट्रोल रूममधून खुद्द साहेब. "दुसरा पंप चालू करतोय. माणूस बाहेर काढा!"

आम्ही दोर ओढला. येईना. झाडीत गुंतलेला. तो पंप फिरला असता तर मुनुसामी जाळीवर चिकटून तिथेच संपला असता.

"सर, तो अडकलाय!"

"अर्धं शहर माझ्या मशीनवर आहे! त्याला ओढा, मी चालू करतोय!"

गोविंदरावांनी माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं, आणि बुटांसकट शिडी उतरायला लागले. समुद्राला आयुष्यात पाय न लावलेला माणूस! गळ्यापर्यंत पाण्यात गेले, शिडीची दांडी दोन्ही हातांनी कवटाळली. दात कडकडा वाजत होते.

"सांग त्यांना, मी पण आत आहे!"

मी फोनमध्ये किंचाळलो, "सर, गोविंदराव विहिरीत उतरलेत! गोविंदराव पाण्यात आहेत!"

मग साहेबांचा आवाज, माझ्याशी नाही, षण्मुगमशी. "मशीन बंद कर."

टर्बाइनची घरघर उतरत उतरत थांबली. अर्ध्या मद्रासचे दिवे गेले असतील. तोवर मुनुसामी कमरेच्या सुरीनं दोर कापून, डोक्यावर शेवाळ घेऊन वर आला, आणि शेजारी साहेबलोकांतला माणूस शिडीला लटकून गटांगळ्या खाताना बघून घाबरला. "सार! पोहता येतं का तुम्हाला?"

"नाही रे," गोविंदराव म्हणाले. "मला आधी बाहेर काढ."

त्यानं बखोट धरून काढलं.

बदली आता ठरल्यातच जमा. कमलाकाकूंनी त्या रात्री रडत रडत ट्रंका बाहेर काढल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी, मी साक्षीदार. दाराशी शिपाई मफलर गुंडाळून उभा. साहेब गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून बसलेले, रात्रभर झोपले नसावेत.

"गोविंदराव," त्यांनी खाली बघत विचारलं, "तुम्ही पाण्यात का उतरलात?"

खरं उत्तर, की एकट्या मुनुसामीसाठी साहेब थांबले नसते, त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

गोविंदराव म्हणाले, "फार उकडत होतं, सर."

साहेबांनी वर पाहिलं. समोरचा बदलीचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मग कोटाचं वरचं बटण काढलं.

"हो," ते म्हणाले. "फारच उकडतंय."