मावसाजींचा नो क्लेम बोनस

विमा उतरवावा आणि तो कधीही वापरू नये, ही कला आमच्या मावसाजींइतकी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाला साधली नसेल. आर्णीच्या गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटार घेतली आणि विम्याच्या एजंटाने त्यांच्या कानात नो क्लेम बोनसचा मंत्र फुंकला. वर्षभर भरपाई मागितली नाही की पुढच्या हप्त्यात सूट, आणि ती दरवर्षी वाढत जाणार. पण एकदा जरी मागितली की सगळी सूट पुसली, मग चूक कोणाची का असेना! मावसाजींना त्या सवलतीशी फारसं देणंघेणं नव्हतं. आपलं रेकॉर्ड कोरं आहे, हे एजंटाने दरवर्षी मोठ्याने सांगावं आणि शेजाऱ्यांनी ऐकावं, एवढ्यासाठी ते त्याला अंगणात बसवत.

राळेगावला माझं लग्न झालं तेव्हा ते मांडवात आलेच नाहीत. वरातीतली मंडळी गाडीला टेकतील म्हणून तिच्याजवळ उभ्याउभ्या जेवले. शेवटी आम्ही नवरानवरीच फोटोवाल्याला घेऊन बाहेर गेलो, आणि त्या फोटोत आमच्यापेक्षा गाडीच ठळक आली आहे. एकदा गारा पडल्या, तर घरातली नवीकोरी दुलई त्यांनी बॉनेटवर पसरली. मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "मले ताप आला तं एक गोयी, अन् गाडीले दुलई!"

मावशी गेली आणि ते घर फार शांत झालं. लेक बंगळुरूला. मी यवतमाळला असून महिना महिना जात नसे. एजंटसुद्धा वर्षातून एकदाच यायचा.

अशात एका बाजाराच्या दिवशी, कापसाची ट्रॉली मागे घेताना तांड्यावरच्या परसरामने उभ्या गाडीचं दार चेपलं. बिचारा उतरून हात जोडून उभा राहिला. "काकाजी, चूक माहीच हाय. पन तुमचा विमा हाय ना? क्लेम टाका."

"चूक तुही, अन् रेकॉर्ड माह्यं खराब? कायले?"

पोलिसात जाऊन ट्रॅक्टरच्या विम्यावर दावा लावायचा, तर दोघांचेही जोडे झिजणार. तेव्हा आपल्याकडे मिटतं तसं ते चहावर मिटलं. परसरामचा मेहुणा डेंटिंगचं काम करायचा, तो येऊन दार ठोकून देईल असं ठरलं. मेहुण्याला काही सवड मिळेना. पण शब्द दिलेला, म्हणून परसराम दर बाजारी कारण सांगायला यायचा. येताना तुरीच्या शेंगा आणायचा, ओसरीवर बसून म्हशीच्या दुखण्यापासून थोरल्या सुनेच्या रुसव्यापर्यंत सगळं सांगायचा. मावसाजी सकाळपासूनच दूध राखून ठेवत. मी एकदा म्हटलं, "मीच नेतो गाडी गॅरेजला." तर माझ्यावर खेकसले, "तुले काहून घाई होऊन राह्यली?"

संक्रांतीला लेक आली. चेपलेलं दार बघून तिने वडिलांना न विचारता मोबाइलवरून क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला, दार नवं बसलं. चूक परसरामची, पण सूट गेली मावसाजींची, आणि पुढचा हप्ता वाढून आला. इतक्या वर्षांचं रेकॉर्ड गेलं म्हणून त्यांचं सांत्वन करायला मी आर्णीला गेलो. नेमका बाजाराचा दिवस होता.

आम्ही ओसरीवर बसलो होतो. रस्त्यावरून परसरामचा ट्रॅक्टर आला. "नवीच दिसून राह्यली, काकाजी!" त्याने बसल्या जागेवरून मोठ्या आनंदाने हात हलवला आणि पुढे निघून गेला. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, न थांबण्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मावसाजींनी दोन कपांत चहा ओतला आणि एक माझ्याकडे सरकवला. मी सूट गेल्याबद्दल हळहळ बोलून दाखवली.

"बोनसचं काय," ते म्हणाले, "थो तं दरवर्षी थोडा थोडा करून परत जमते. पन परसराम आता कायले येईन?"