चौदा दिवसांच्या चौसष्ट पाट्या

१४ मार्च, ४७,३६० रुपये. व्यापारी संघाच्या चेकवर ही रक्कम होती. बँकेत भरण्याआधी माझा मेहुणा तो चेक मला दाखवायला घेऊन आला. बाजारात चौसष्ट दुकाने, दर दुकानाला एक पाटी, पाटीचे ७४० रुपये. हिशेब तोंडीही जमला असता, पण त्याने वहीचे पान फाडून गुणाकार लिहूनच आणला होता. चहा निवून गेला तरी चेक त्याच्या हातातून खाली ठेवला जाईना. शेवटी माझी बायको, म्हणजे त्याची मोठी बहीण, त्याला म्हणाली, "अरे, तो काही उडून जात नाही. कप उचल."

बाजारात त्याला सगळे शिक्केवाला म्हणतात. एकतीस वर्षे त्याने रबरी शिक्के, नावाच्या पाट्या आणि बक्षिसांच्या ढालींवरची अक्षरे केली. दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. वर कोणी जोरात चढले की टेबलावर चुन्याची भुकटी पडायची. छप्पर तिरपे असल्याने आतल्या अर्ध्या भागात वाकूनच वावरावे लागे. त्यामुळे आमच्या घरातही तो दारातून मान खाली घालून शिरायचा, आणि अनोळखी माणसांना तो फार नम्र वाटायचा.

शिक्क्यांचे काम गेली सात-आठ वर्षे आटत चालले होते. कार्यालयांतले कागदच कमी झाले, तर शिक्का मारणार कशावर? उरलीसुरली पुंजी घालून त्याने अक्षरे कोरायचे लेझर मशीन घेतले, पण त्याला पुरेसे काम मिळेना. दुकानाचे भाडे महिना साडेपाच हजार, आणि ते सहा महिने थकले होते. इमारतीचा मालक कापडाचा व्यापारी, आणि तोच व्यापारी संघाचा अध्यक्ष. चेक वटला त्याच दिवशी त्याने तेहेतीस हजार भाड्यापोटी वळते करून घेतले. संघाचा पैसा एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने स्वतःच्या गल्ल्यात टाकण्याची ही रीत मला खटकली होती, पण जागा वाचली या आनंदात मेहुण्याला त्याचे काही वाटले नाही. मालासाठी उरले १४,३६०.

काम असे होते. बाजाराच्या कडेला एक मोठे, थंडगार, सरकत्या जिन्यांचे दुकान उघडले होते आणि गिऱ्हाईक तिकडे वळत होते. ते परत आणण्यासाठी संघाने १ ते १५ एप्रिल अशी सवलत योजना काढली. प्रत्येक दुकानात अ‍ॅक्रिलिकची एक पाटी, तिच्यावर क्यूआर कोड. गिऱ्हाइकाने फोन धरला की त्या दुकानाचे कूपन उघडणार.

शिक्केवाल्याने कोड छापून हातात ठेवण्यापुरते काम केले असते तरी कोणी बोलले नसते. पण तो दुकानोदुकानी गेला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत सुटला: हे उघडल्यावर माणसाला मिळणार काय? बऱ्याच जणांना उत्तर ठाऊक नव्हते. सराफाला पाटी काचेच्या कपाटात, दिव्याखाली हवी होती. शिक्केवाल्याने फोन धरून दाखवले, की काचेवर दिवाच दिसतो, कोड दिसत नाही. खानावळवाल्याने खाद्यपदार्थांची छापील यादीच बंद करून टेबलावर फक्त कोड चिकटवायचे ठरवले होते. त्याला याने समजावले, की म्हातारी माणसे चष्मा, फोन आणि भूक तिन्ही एकदम सांभाळू शकत नाहीत, यादी असू दे, कोड जोडीला ठेव. एकाचे दुकान तळघरात, तिथे फोनला रेंजच नाही. त्याची पाटी वर पायऱ्यांपाशी लावायला लावली. अध्यक्षांना मात्र स्वतःचा कोड दुसऱ्या मजल्याच्या फलकावर हवा होता, आणि तिथे याची मात्रा चालली नाही.

उलट बूटवाल्याने स्वतःहून पाटी बाकाशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर लावली. माणूस तिथे बसून दुसऱ्या पायातल्या बुटाची वाट बघत असतो, हात मोकळे असतात. हार्डवेअरवाल्याचे डोके तर सर्वांत पुढे. भिंतीवर फळी कशी ठोकावी याची दोन मिनिटांची फिल्म त्याने फोनवर काढली आणि कोड फळ्यांच्या रॅकपाशी लावला. कूपन फिल्मच्या शेवटी. प्रत्येक पाटीवर कोडच्या खाली शिक्केवाल्याने त्या दुकानाची एक ओळ कोरली होती: "फळी ठोकायला शिका", "आजचे कूपन इथे". नुसता काळा चौकोन पाहून कोणी खिशातून फोन काढत नाही, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

त्याची आणखी एक रीत होती. माल तपासल्याशिवाय दुकानाबाहेर जायचा नाही. एकतीस वर्षे त्याने प्रत्येक शिक्का कागदावर तीनदा मारून मगच दिला. पाट्यांनाही तोच नियम: स्वतःचा फोन, बायकोचा फोन आणि शेजारच्या घड्याळवाल्याचा फुटक्या काचेचा जुना फोन. तिन्हींवर कूपन उघडले की मगच पाटी पिशवीत. चौसष्टच्या चौसष्ट पाट्या तीनही फोनवर उघडल्या. ३१ मार्चला शेवटची पाटी लागली.

योजनेचे पहिले दोन दिवस बरे गेले. बूटवाल्याकडे पहिल्याच दिवशी एकोणतीस कूपने आली. अध्यक्षांनी त्याला सर्वांसमोर चहा पाजला, म्हणजे केवढी मेहेरबानी.

३ एप्रिलला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास खानावळीतल्या एका बाईंच्या फोनवर कूपनाऐवजी एक पांढरे पान उघडले. त्यावर इंग्रजीत चार ओळी आणि खाली लाल बटण: पैसे भरा. दहा मिनिटांत सराफाकडे तेच, मग बूटवाल्याकडे तेच. बाईंना वाटले, आपल्याकडे पैसे मागताहेत. त्यांनी घाबरून फोन बंद केला, आणि बाहेर जाऊन जे सांगितले ते दुपारपर्यंत बाजारभर झाले, की या पाटीला फोन लावला की खात्यातले पैसे जातात. कोणाचा एक पैसाही गेला नव्हता. पण तीन वाजता मी ऑफिसातून पोहोचलो तेव्हा निम्म्या दुकानांनी पाट्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या, काहींनी वर्तमानपत्राने झाकल्या होत्या.

शिक्केवाला जिन्याखाली बसला होता. समोर तीन फोन. तो एकाच उरलेल्या नमुन्याच्या पाटीवर आळीपाळीने तिन्ही धरत होता. मी आलेला पाहून म्हणाला, "भावजी, तिन्हींवर उघडत होतं हो. तुम्ही हिला विचारा. तिन्हींवर."

त्याची बायको दारात उभी होती. तिने मान हलवली आणि मला स्टूल पुढे केले.

मी आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याने दोन प्रश्न विचारले आणि उलगडा केला. त्या पाट्यांमध्ये दुकानाच्या पानाचा पत्ता नव्हताच. पत्ता होता कोड बनवून देणाऱ्या परदेशी कंपनीचा. फोन आधी त्या कंपनीकडे जायचा आणि ती पुढे दुकानाच्या पानाकडे पाठवायची. वीस मार्चला मेहुण्याने तिथे खाते उघडले होते. पहिले चौदा दिवस मोफत. चौदा दिवस संपले, कंपनीने पुढची वाट बंद केली. चौसष्ट कोड पुन्हा जिवंत करायचे तर वर्षाचे एकतीस हजार, एकरकमी.

साधा कोडही मिळत होता, तोही फुकट आणि कायमचा. पण त्यातला पत्ता नंतर बदलता येत नाही. मेहुण्याने मुद्दाम बदलता येणारा निवडला होता, कारण एकतीस वर्षांत त्याचे सर्वांत जास्त भांडण झाले ते फोन नंबर बदललेल्या गिऱ्हाइकांशी. नंबर बदलला की नवा शिक्का, नवा शिक्का म्हटला की पैशांची घासाघीस. या वेळी लोकांना तो त्रास नको, असा त्याचा विचार. आणि ठसा एकदा कोरला की तो आपला, त्याचे भाडे कोणी मागत नाही, ही त्याची समजूत. रबराच्या बाबतीत ती खरी होती.

दोष एकट्या त्याचा नव्हता. खाते उघडले तेव्हा त्याने ते पान मला फोनवर पाठवले होते. मी "मोफत" एवढाच शब्द वाचला आणि "ठीक आहे" असे कळवले. आयुष्यभर मी बिलांवरची बारीक अक्षरे वाचण्याचा पगार घेतला आहे.

अध्यक्ष संध्याकाळी आले. आवाज चढवला नाही. सात तारखेच्या दुपारपर्यंत एकतर सगळ्या पाट्या चालू आणि योजना सुरळीत, नाहीतर ४७,३६० परत. दोन्ही झाले नाही तर जागेची किल्ली. ते गेल्यावर मेहुण्याने मला विचारले नाही, पण त्याच्या मनात काय होते ते मला दिसत होते. एकतीस हजार माझ्याकडे त्या घटकेला मोकळे नव्हते. मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी आदल्याच आठवड्यात भरली होती, आणि निवृत्तीचे पैसे मिळायला अजून पाच महिने होते. मी तसे सांगितले. त्याने लगेच मान हलवली, जणू मीच संकटात आहे.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. उरलेल्या अ‍ॅक्रिलिकचे तुकडे काढले, चौसष्ट लहान चौकोन कापले आणि त्यांवर साधे कायमचे कोड कोरायला घेतले, जुन्या कोडवर चिकटवायला. साध्या कोडमध्ये पूर्ण पत्ता भरावा लागतो, त्यामुळे ठिपके जास्त, बारीक आणि दाट. पहिले अकरा तुकडे फुटक्या काचेच्या फोनवर उघडेनात. ते टाकले, पत्ते आखूड केले, पुन्हा कोरले. ४ आणि ५ एप्रिल हे दोन दिवस त्याने शटर अर्धे ओढून काम केले. बायको तुकडे पुसून, तिन्ही फोनवर उघडून, दुकानाच्या नावासह डब्यात ठेवत होती. ती मध्येच म्हणाली, "जेवून तरी घ्या. कोड काही पळून जात नाहीत." तो म्हणाला, "जातात. पाहिलंस ना?"

सहा तारखेला मी रजा टाकून त्याच्याबरोबर फिरलो. हार्डवेअरवाल्याने हसून पाटी पुढे केली आणि म्हणाला, लाव, माझ्याकडे कोणी कुरकुर केलेली नाही, लोक फिल्म परत मागताहेत. बूटवाल्याने लावू दिले. सराफ दारातच उभा राहिला आणि आत येऊ नका म्हणाला. खानावळवाल्याने पाटी कचऱ्यात टाकली होती आणि तसे त्याने चारचौघांत, जेवत बसलेल्या लोकांसमोर सांगितले. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस पाट्या दुरुस्त झाल्या, तेवीस झाल्या नाहीत.

नंतर त्याने जे केले ते मला बघवेना. बाजाराच्या चौकात उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवू लागला, की एकदा फोन धरून बघा, काही होत नाही, हा बघा, मी माझाच धरतो. लोक पिशव्या छातीशी धरून बाजूने निघून जात. एका तरुण बाईने लेकराला जवळ ओढले. एका ओळखीच्या गृहस्थाने, ज्याच्या तीन पिढ्यांचे शिक्के याने केले होते, त्याला हळूच सांगितले, की घरी जा, तमाशा नको. मी त्याचा दंड धरून त्याला बाजूला आणले.

सात तारखेला आम्ही दोघे अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी स्वतःच्या फोनवर चार दुकानांचे कोड उघडून पाहिले. चारही उघडले. त्यांनी फोन कापडाच्या ताग्यावर ठेवला.

"कोड उघडतात, हे मान्य," ते म्हणाले. "पण लोक पाटीपासून दोन हात लांब उभे राहतात. ते तू कुठल्या मशीनने दुरुस्त करणार?"

मेहुणा म्हणाला, "मला पंधरा तारखेपर्यंत द्या. योजना आहे तोपर्यंत."

"योजना संपली रे," अध्यक्ष म्हणाले. "काल संध्याकाळीच आम्ही ती बंद केली."

त्यांनी पैशांसाठी आणखी तीन दिवस दिले. लेझर मशीन ढाली-चषक करणाऱ्या एका माणसाने अडतीस हजारांना घेतले. विकत घेतले तेव्हा ते याच्या तिप्पट किमतीचे होते. राहिलेले ९,३६० माझ्या बायकोने तिच्या ठेवीतून काढले आणि भावाला बजावले, की यावर एक शब्द बोललास तर घरात पाऊल टाकू देणार नाही. दहा तारखेला संघाला पूर्ण रक्कम पोहोचली. मी पावती घेतली.

जागा त्या दिवशी वाचली. पण मशीनशिवाय तिथे करायला काम नव्हते. एप्रिल ते जूनमध्ये मिळून सोळा रबरी शिक्के झाले, त्यातून वीजबिलही सुटेना. ३० जूनला त्याने किल्ली अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, बस, चहा घे. तो बसला नाही. जिन्याखालचे सामान एका हातगाडीवर मावले: कात्र्या, अक्षरांचे खण, शाईच्या गाद्या, आणि एक पोते भरून एकतीस वर्षांचे नमुन्याचे कागद, प्रत्येकावर तीन-तीन ठसे. पोते त्याच्या बायकोने रद्दीत घालायचे म्हटले. पण ते आज त्यांच्या पलंगाखाली आहे.

आता तो त्या ढाली-चषकवाल्याकडे रोजंदारीवर जातो. पूर्वीचेच मशीन चालवतो. तिथे छप्पर उंच आहे, पण तो अजून वाकूनच चालतो, मालक हसतो. मधे मी एकदा गेलो तेव्हा एका पोरसवदा दुकानदाराने कोडची पाटी मागितली होती. मेहुण्याने त्याला बसवून घेतले आणि विचारले, उघडल्यावर माणसाला काय मिळणार, पत्ता कोणाच्या नावावर आहे, आणि वर्षानंतर तो कोण चालू ठेवणार? दुकानदार वैतागला आणि दुसरीकडे करून घेतो म्हणाला. मालकाने त्या दिवसाचा अर्धा पगार कापला.

एक्केचाळीसपैकी सहा पाट्या बाजारात अजून आहेत. हार्डवेअरवाल्याची फिल्म लोक बघतात.

तुकडे चिकटवण्यासाठी त्याच हार्डवेअरवाल्याकडून गोंदाच्या तीन नळ्या उधार आणल्या होत्या. त्यांचे २७० रुपये द्यायचे राहिले आहेत.