महालक्ष्मीच्या नावावर गेलेली नथ

उर्मिलाबाईंच्या तोंडी लागायचं नाही, हे सौंसरच्या त्या आळीतल्या भाजीवालीलासुद्धा ठाऊक होतं. बाई फटकळ होती, मनात धरून ठेवणारी होती, आणि सासरच्यांविषयी कुणी चांगला शब्द काढला की तिच्या कपाळाला आठ्या पडत. नवरा गेल्यापासून ही अशी झाली, असं लोक म्हणत. खोटं आहे. नवऱ्याच्या तेरवीला त्या घरानं जे केलं, त्यापासून ती अशी झाली.

रवींद्र काविळीनं गेला. तेरवीची पंगत उठली आणि सासूनं, गुलाबबाईनं, सुनेपुढं तळहात पसरला. उर्मिलेच्या आईनं माहेरी, पांढुर्ण्याला, लग्नात घातलेली नथ तिला हवी होती. टपोरे जुने मोती, मधोमध लाल खडा. उर्मिलेच्या माहेरचा तेवढाच एक दागिना तिच्यापाशी उरला होता.

"तुले आता कायले पाह्यजे हे?" गुलाबबाई म्हणाली. "महालक्ष्मीले घालत जाऊ. तुलेच पुण्य लागंल."

देवीचं नाव पुढं केल्यावर भरल्या घरात कोण बोलणार? धाकटा दीर श्रीधर संत्र्यांच्या बागा घ्यायचा, बागवानांशी भाव करताना त्याची जीभ कात्रीसारखी चाले; तोही त्या दिवशी खाली मान घालून सुपारी कातरत बसला. नथ सासूच्या कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला.

त्या घरी भादव्यात महालक्ष्म्या बसत. विधवेनं मुखवट्यांना हात लावायचा नाही, ओटी भरायची नाही, आरतीला भिंतीशी उभं राहायचं. घासायला धुवायला मात्र विधवा चालते! देवीचे दागिने धुवायचं काम उर्मिलेकडं आलं, कारण ते कुणालाच नको होतं. आणि ती दर भादव्याची वाट बघू लागली, कारण वर्षातून तेवढी एक सकाळ तिची नथ तिच्या हातात येई.

सोन्याच्या पोती आणि पाटल्या ती रिठ्याच्या पाण्यात भिजवी, मऊ कुंचल्यानं घासी. नथ कधी भिजवायची नाही. धोतराचं जुनं मऊ फडकं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि मोती एकेक करून पुसायचा, लहान लेकराचं तोंड पुसावं तसा. खडा लाखेवर बसवलेला, म्हणून गरम पाणी त्याच्या जवळही आणायचं नाही. मग सावलीत, कोरड्या फडक्यावर वाळत ठेवायची. हे सगळं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. तेवढा वेळ ती कुणाशी भांडत नसे. नथ परत कपाटात गेली की तिचं डोकं फिरे आणि तो सगळा दिवस ती आदळआपट करी.

चौऱ्याऐंशीच्या भादव्यात धाकट्या जावेनं, प्रतिभानं, तेही बंद केलं. ही मोहगावची, श्रीधरची बायको. महालक्ष्म्या उठल्या की नथ आपल्याला मिळणार, असं तिनं सासूकडून वदवून घेतलं होतं. आणि जी नथ आपल्या नाकात येणार, तिला उर्मिलेचा हात लागलेला तिला खपेना.

"आत्याबाई, यंदा मीच धुतो सगळं," ती म्हणाली. "जाऊबाई थ्या नथीकडे अशा पाह्यतात, जीव घाबरते माहा."

"धू बाप्पा," सासू म्हणाली. "थिचा हात तसाही कायले पाह्यजे देवीच्या वस्तूले?"

इतकी वर्षं चाललेला हात एका सकाळी अपशकुनी झाला. उर्मिला ओसरीवर सोळा भाज्यांचं निवडण घेऊन बसली होती. तिनं ते ऐकलं आणि दोडक्याची शीर अशी ओरबाडली की निम्मा दोडका सालीबरोबर गेला.

प्रतिभा अंगणात बसली. भादव्यात बागांमधून हिरवी संत्री गळतात, खायच्या कामाची नसतात, जीभ सोलून निघेल इतकी आंबट. मोहगावला तांब्यापितळेची भांडी त्यांनीच घासतात. प्रतिभानं टोपलीभर आणवली होती. मीठ लावून अर्धी फोड मुखवट्यावर फिरवली आणि पितळ असं लखलखलं की शेजारच्या बाया कौतुकानं उभ्या राहिल्या. कौतुक तिच्या डोक्यात गेलं. उरलेल्या फोडी तिनं वाडग्यात पिळल्या, मूठभर मीठ टाकलं आणि देवीच्या दोन्ही नथी त्यात बुडवल्या. एक नुसती सोन्याची होती, तिला काय होणार? दुसरी उर्मिलेची होती.

उर्मिला ताडकन उठली. "प्रतिभा, थे मोती आहेत. आंबटात—"

"बसा न तुम्ही!" प्रतिभानं मागं वळूनही पाहिलं नाही. "तुमची नाही राह्यली थे आता. काऊन जीव टांगला अजून?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. उर्मिला खाली बसली.

अजून वेळ होता. उठून वाडगा उपडा केला असता तर मोती वाचले असते. वाचले असते आणि प्रतिभाच्या नाकात गेले असते. जन्मभर, चुलीपुढं, पंगतीत, हळदीकुंकवाला तिनं ते मिरवले असते आणि उर्मिलेनं ते बघितले असते. उर्मिलेनं पुढचा दोडका उचलला. प्रतिभा वाडगा तुळशीच्या ओट्यावर ठेवून आत करंज्यांना बसली. मोती आंबटात पडून राहिले आणि उर्मिला त्यांच्यापासून चार पावलांवर भाजी निवडत राहिली. तिच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढं येत होता. पण ती उठली नाही.

दुपारी प्रतिभानं नथ बाहेर काढली आणि किंचाळली. मोत्यांची सगळी झाक गेली होती. चुन्यानं सारवल्यासारखे फटफटीत दिसत होते, फडक्यानं पुसताच वरचा पापुद्रा सुटून येत होता. गुलाबबाई धावत आली. श्रीधर बैठकीतून उठून आला. प्रतिभा रडायला लागली आणि रडता रडताच तिनं बोट दाखवलं.

"जाऊबाई अथीच होत्या. पाहून राह्यल्या होत्या!"

"तुले समजत होतं?" सासू गरजली. "न तू पाहत बसली?"

"हाव," उर्मिला म्हणाली. "पाहत बसली."

"काळ्या मनाची आहे रांड!" गुलाबबाईनं नथ तिच्या अंगावर भिरकावली. "घे! घाल चुलीत तुही नथ. असे मेलेले मोती देवीले कोण घालन?"

नथ भाजीच्या सालपटात पडली. उर्मिलेनं ती उचलली, तांब्यातलं स्वच्छ पाणी तिच्यावरून सोडलं आणि पदरानं टिपून घेतली. मग तिथंच बसून नाकाला लावली. भोक बुजत आलं होतं. तिनं दात आवळले आणि तार आत रेटली. रक्ताचा थेंब ओठावर आला, तो तिनं हाताच्या मागच्या बाजूनं पुसला.

"वहिनी!" श्रीधर ओरडला. "लाज आहे का काही? काढा थे!"

"काढ म्हणतो न तो!" गुलाबबाईचा आवाज चिरकला. "सणासुदीच्या दिवशी रांडावल्या बाईनं नथ घालावी! लोक काय म्हणतीन?"

उर्मिलेनं सासूकडं रोखून पाहिलं.

"या उपर कोणी माह्या नाकाले हात लावून पाहावं," ती म्हणाली.

कुणी लावला नाही. तिनं विळी पुढं ओढली आणि राहिलेले दोडके चिरायला घेतले.