जिना बराबर

आमच्या जालन्यात 'बराबर' हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतो. भाजीत मीठ बराबर, गाडीचे ब्रेक बराबर. बिघडलेलं असलं की शेवटी 'न्हाई' लावायचं, बस्स. त्या शेवटच्या 'न्हाई'नं माझं वाटोळं केलं.

नव्वदच्या दशकात मी अग्निशमन केंद्रात वायरलेसवर होतो. सेट कसला, खोकं! मोकळ्या रानातून कोसभर लांबचं बोलणं ऐकू यायचं, अन् कारखान्यांच्या लोखंडी पत्र्यांत पन्नास पावलांवरच्या माणसाचं कळायचं न्हाई.

एका दुपारी कापसाच्या दुमजली, पत्र्याच्या गोदामाला आग लागली. आमचा जमादार आत वर गेला. बोळीत बंबापाशी दुसरा जवान थांबला, त्याच्या मदतीला जायला तयार. दोघांना एकमेकांचं ऐकू येईना. माझी एरियल केंद्राच्या गच्चीवर, म्हणून मी मधे. एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला सांगायचं.

जमादार ओरडला, "जिना बराबर..." पुढं नुसती खरखर. बोलणं संपायच्या आत बटण सोडायची त्याची जुनी खोड, त्यावरून किती भांडलो असेन! पुन्हा विचारायला पाहिजे होतं. न्हाई विचारलं. मला वाटलं, कळलं की. बंबाला सांगून टाकलं, "जिना बराबर आहे, जल्दी वर जा."

जमादार मागच्या खिडकीतून उतरला. जवान कोसळलेल्या जिन्याखाली सापडला.

संध्याकाळी जमादार काजळीनं माखलेला तसाच माझ्यासमोर बसला. "अरे, मी 'बराबर न्हाई' म्हणल्तो," एवढंच बोलला. तो 'न्हाई' पत्र्यांनी गिळला का त्याच्या अंगठ्यानं, देव जाणे. अजून कुणी 'बराबर' म्हणलं की मी पुढच्या शब्दासाठी कान टवकारून बसतो. बायको वैतागते, "आता काय ऐकायचं राह्यलं?"

तेराव्यानंतर जवानाची आई हसनाबादहून आली. सेटसमोरच्या बाकावर बसली. "जळत्या जिन्यावर माझं लेकरू गेलंच कसं? कुनी सांगितलं व्हतं का?"

"वायरलेसवर तसं कळलं, मावशी."

"कुनाला कळलं?"

"आवाज फुटत होता," मी म्हणालो.

ती उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मंग तुमचा तरी काय दोष, बाबा."

मी हात फिरवू दिला.