युरोपची तालीम लातूर रोडला

युरोपच्या प्रवासाची तालीम आम्ही लातूर रोड स्टेशनवर केली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मला फारसं हसू आलेलं नाही.

एप्रिलातल्या एका सकाळी निलंग्याच्या बसस्थानकावरून आम्ही तिघं निघालो. सुलोचनाबाई, त्यांचे यजमान अण्णा आणि मी. सुलोचनाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आमची सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, मी सिस्टरमावशी म्हणते. अण्णा एसटीत कंडक्टर होते आणि अजूनही बसमध्ये चढले की आधी मागं वळून माणसं मोजतात. दोघांची सत्तरी जवळ आलेली. अण्णांचे गुडघे जिना दिसला की बोलू लागतात, मावशींना वेळच्या वेळी गोळी आणि घासभर खाणं लागतं.

जायचं होतं मार्थाकडं. भूकंपानंतर आमच्या भागात परदेशी परिचारिकांची एक तुकडी आली होती. पत्र्याच्या दवाखान्यात मावशींनी त्यांच्यासोबत अख्खा हिवाळा काढला. तिघींशी मैत्री झाली ती पत्रांतून टिकली. मार्था जर्मनीत कोलोनजवळ राहते, दुसरी ब्रुसेल्सला, तिसरी बासेलला. तिघी कधीपासून बोलावत होत्या. पण या वर्षी मार्थाच्या लेकीचं पत्र आलं ते वेगळं होतं. आईला विसर पडत चालला आहे, तिनं लिहिलं होतं. शेजाऱ्यांची नावं गेली, सुलूचं नाव अजून आहे. हिवाळ्यापर्यंत राहील का, सांगता येत नाही.

पत्र मीच वाचून दाखवलं होतं. मावशी एवढंच म्हणाल्या, "मंग हिवाळ्याच्या आत जाऊ."

आराखडा करायचं काम माझ्याकडं आलं. फ्रँकफर्टला उतरायचं, तिथून रेल्वेनं कोलोन, मग ब्रुसेल्स, मग बासेल. गाड्या बदलायला कुठं आठ मिनिटं, कुठं बारा. हमाल मिळेलच असं नाही. म्हणून मी वहीत पहिला नियम लिहिला: ज्याचं ओझं त्यानं उचलायचं, माणशी एकच पिशवी. आणि तो जमतो का हे बघायला ही तालीम. लातूरला गाडीत बसायचं, लातूर रोडला आणि पूर्णेला गाडी बदलायची, मध्ये परळीला एक मुक्काम, शेवटी नांदेडला मावशींची जुनी मैत्रीण हमीदाबाजी.

पण नांदेडला जाण्याचं खरं कारण मावशींच्या पिशवीत, उर्दूत लिहिलेल्या एका कागदात होतं. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मावशींचा जन्म निलंग्याजवळच्या एका खेड्यात, निजामाच्या राज्यात झाला. तेव्हा निलंगा तालुका बिदर जिल्ह्यात होता. त्या शाळेत गेल्या तोवर तालुका उस्मानाबादेत गेला, म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उस्मानाबाद. पुढं लातूर जिल्हा नवा झाला, म्हणून आधार कार्डावर लातूर. बाई जागची हलली नाही, जिल्हे तिच्या अंगावरून गेले. पासपोर्टचा अर्ज भरताना मी जन्माचा जिल्हा बिदर लिहिला, कारण तेच खरं होतं. अर्ज आक्षेप घेऊन परत आला.

लातूरच्या कार्यालयात टेबलामागच्या साहेबांनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, "बाई, तुम्ही एकदाच जन्मलात ना?"

अण्णा म्हणाले, "ती एकदाच जन्मली, साहेब. जिल्हा तीनदा जन्मला."

साहेबांना विनोद कळला नाही. त्यांनी सांगितलं, प्रतिज्ञापत्र द्या, जन्म लातूर जिल्ह्यात झाला म्हणून, आणि मोकळ्या व्हा. मावशी पेन शोधू लागल्या होत्या. मीच त्यांचा हात धरला. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. लातूर जिल्हा व्हावा म्हणून निघालेली पत्रकं त्यांनी जुळवली होती, आणि त्याच जुन्या पत्रकांवर बोट ठेवून मी बाराखडी शिकले. जो जिल्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, त्यात जन्मल्याची शपथ? सरकारनं रेघा ओढायच्या आणि खोटं बोलायचं या बाईनं? मी दोन पानी अर्ज लिहिला. मग स्मरणपत्र. मग त्याचं स्मरणपत्र. दोन महिने गेले. शेवटी साहेब म्हणाले, बिदरच हवं असेल तर जन्मनोंदीचा मूळ उतारा आणा, आणि उर्दू जाणणाऱ्या निवृत्त सरकारी माणसाकडून त्याचं मराठी करून आणा. उतारा निघाला. लातुरात उर्दू वाचणारी माणसं भरपूर आहेत, पण मावशी म्हणाल्या, वाचायचा तर बाजीच वाचंल. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

अण्णांचा पासपोर्ट बिनबोभाट आला होता. त्यांचा जन्म नांदेड जिल्ह्यातला, आणि तो जिल्हा आहे तिथंच आहे. बसमध्ये ते मावशींना हेच ऐकवत होते. "म्या हुतो म्हणून तुला एक धड जिल्हा मिळाला."

लातूरला पोचलो तेव्हा रस्त्यावर माणसांपेक्षा घागरी जास्त होत्या. डाळ मिलचा भोंगा वाजत होता, शिकवणीच्या वर्गांबाहेर दुचाकी लागल्या होत्या आणि प्रत्येक दुचाकीला एक रिकामा कॅन अडकवलेला. त्या उन्हाळ्यात शहराला पाणी रेल्वेनं येत होतं. ज्या शहराला बाकी जगाशी जोडणारी गाडी मिळवायला पिढ्या गेल्या, त्याला पाण्याची गाडी मात्र अख्खा देश टाळ्या वाजवत पाठवत होता. स्टेशनाबाहेर पोलीस उभे होते. पाण्याला पहारा देणारे हात मी पाहिले. उसाला पाणी देणाऱ्या हातांवर असा पहारा मला जिल्ह्यात कुठं दिसला नव्हता.

आमच्याही सामानात पाणी होतं. त्या वर्षी कुणाकडं राहायला जायचं तर आपलं पाणी आपण न्यायचं, अशी रीतच पडली होती. माणशी एक पिशवी हा माझा नियम तिथंच मोडला, कारण मावशींनी पाच लिटरचा कॅन सोडायला साफ नकार दिला. गाडीत बसल्यावर अण्णांनी फार गंभीरपणे विचारलं, मार्थाकडं नळ रोज येतो का, की तिकडंही कॅन न्यावा लागंल. मी म्हटलं, रोज येतो. त्यांनी वहीत तशी नोंद करायला लावली.

लातूर रोड हे नाव लातूरचं, पण स्टेशन चाकूर तालुक्यात, माळावर. घड्याळ लावून मी आठ मिनिटं मोजायला सुरुवात केली. पूल चढून दुसऱ्या फलाटावर जायचं. मावशी कॅन घेऊन पुढं, अण्णा प्रत्येक पायरीवर थांबून गुडघ्यांशी बोलणी करत मागं. चौदा मिनिटं लागली. कोलोनची गाडी सहा मिनिटांपूर्वी निघून गेली, असं मी जाहीर केलं. अण्णा बाकावर बसले आणि म्हणाले, "कंडक्टर खाली ऱ्हायला तर गाडी जातीच कशी?"

आमची खरी गाडी उशिरा आली. ती बिदरहून, उदगीरमार्गे येत होती. डब्यात कानडी, मराठी, दखनी सगळं एकाच बाकावर चाललेलं. शेजारी बसलेल्या उदगीरच्या भुसार दुकानदारानं आम्हाला धपाटे खाताना पाहिलं आणि न मागता लोणच्याची फोड पुढं केली. बोलता बोलता तो म्हणाला, त्याच्या आईचं माहेर बिदरला, दर महिन्याला जाणं-येणं असतं. राज्याच्या सीमेवर कुणी कागद विचारतं का, मी विचारलं. तो हसला. "तिकीट सोडून कायबी न्हाई."

मार्थाच्या लेकीनंही तेच कळवलं होतं. जर्मनीतून बेल्जियमला जाताना सीमा कुठं लागली हे रुळाला कळतसुद्धा नाही. आणि एका म्हातारीला ती कुठं जन्मली हे सांगायला तीन राजवटींचे शिक्के लागतात. मी संतापून हे मोठ्यानं बोलले. दुकानदारानं मान हलवली आणि आणखी एक फोड दिली.

परळीला औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या दिसल्या. धूर नव्हता. वीज करायलाही पाणी उरलं नव्हतं. मुक्काम अण्णांच्या जुन्या सोबत्याकडं होता. त्यांनी दारातच कॅन हातात घेतला, डोक्याला लावला आणि मगच आम्हाला आत या म्हणाले. सकाळी सुशीला (फोडणी दिलेल्या भिजल्या चुरमुऱ्यांची न्याहारी) खाताना मी पुन्हा माझ्या अर्जांची हकिगत सांगत होते. मावशी ताटलीतून वर न बघता म्हणाल्या, "पोरी, तू लई चांगलं भांडाय लागलीस. पर एक सांग, गाडी कुणाची चुकाय लागली?"

पूर्णेला गाडी बदलताना अण्णांनी अकरा मिनिटांत पूल पार केला, तरी मी टाळी वाजवायची विसरले.

हमीदाबाजी (बाजी म्हणजे थोरली बहीण) नांदेडला जुन्या भागात राहतात. लहानसं घर, दारात तुळतुळीत पुसलेली पायरी. मावशींनी आणि त्यांनी अनेक वर्षं एकाच दवाखान्यात पाळ्या केल्या. निम्मा उरलेला कॅन बघून बाजी चिडल्या. "अगे सुलोचना, मेरे घर को पानी लेके आई? मी मेले काय?" मग दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. जेवायला खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं आंबट, पातळ कालवण) होता. अण्णांनी तीनदा वाढून घेतला आणि जर्मनीत हे मिळणार नाही याची आत्ताच काळजी केली.

जेवण झाल्यावर बाजींनी चष्मा लावला. मी वही आणि पेन घेऊन समोर बसले. त्या वाचत गेल्या, मी मराठीत लिहीत गेले. मौजा, म्हणजे गाव, अमुक. तालुका निलंगा. जिल्हा बिदर. माझ्या अंगात वीज भरली. दोन महिने मी जे म्हणत होते ते कागदावर होतं. मुलगी. नाव नाही, नुसतं मुलगी. बापाचं नाव. मग बाजी थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि थेट शेवटची ओळ वाचली.

"मधला शब्द ऱ्हायला, बाजी," मावशी म्हणाल्या.

"जाने दे ना. काही कामाचा नाही."

"वाचा. मला ठाऊक हाय तिथं काय आसंल."

बाजींनी तो शब्द वाचला. बापाच्या नावापुढं जात लिहिली होती, आणि ज्या रूपात लिहिली होती ते रूप शिवीसारखं वापरायचे. मावशी आठ वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि तो शब्द उंबऱ्याबाहेर टाकला. माझ्या आजोबांनीही त्याच वर्षी टाकला.

भाषांतर म्हणजे सगळं भाषांतर. तो शब्द मी माझ्या अक्षरात लिहायचा, बाजींनी खाली सही करायची, साहेबांनी फाइलला लावायचा. बिदर खरं ठरवायचं तर त्याच्यासोबत हेही सादर करायचं. मुलीला नाव लिहायला ज्याला शाई पुरली नाही, त्याला हा शब्द लिहायला बरोबर पुरली होती. आणि आज सत्तर वर्षांनी, तिला मैत्रिणीला भेटायला जायचं तर तोच कागद पुढं कर म्हणून सांगणारे आपण. राजवट गेली, जिल्हे बदलले, रकाना शाबूत आहे. मी हे सगळं बाजींच्या ओसरीवर बोलले, आवाज चढला होता. कुणी अडवलं नाही.

माझं संपल्यावर मावशींनी कागदाची घडी घातली आणि बाजींच्या हातात दिली.

"हे हितंच ऱ्हाऊ द्या, बाजी. आमचा नेम हाय, ज्याचं वझं त्यानं उचलायचं. हे माझं न्हाई. ज्यानं लिहिलं त्याचं हाय."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता लिही. माझं गाव आज लातूर जिल्ह्यात हाय. मी त्या गावात जन्मले. ह्यात खोटं काय हाय ते दाखव."

मी शोधलं. खरंच शोधलं. त्यात खोटं काही नव्हतं. दोन पानी अर्ज आणि दोन स्मरणपत्रं लिहिताना मला ती दोन वाक्यं सुचली नव्हती, कारण मला वाक्य नको होतं, विजय हवा होता.

परतीच्या गाडीत मी गुडघ्यावर वही ठेवून ती दोन वाक्यं सुवाच्य अक्षरात लिहिली. लातूरला उतरलो तेव्हा पलीकडच्या रुळावर पाण्याची गाडी उभी होती. कार्यालयात साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, बोट ओळींखालून फिरवलं, आक्षेप सापडला नाही. "हेच आधी का नाही लिहिलं?" त्यांनी विचारलं. मावशींनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते त्यांचं मोठेपण.

पण त्या रकान्याचं मला विचारायचं आहे, आणि ते मी इथं विचारते आहे, कारण यासाठी कुणाची गाडी चुकवावी लागत नाही. माणूस कुठं जन्मला एवढं विचारायला निघालेला कागद दर वेळी कुणाच्या पोटी जन्मला इथंच का येऊन थांबतो? उत्तर येईपर्यंत मी विचारत राहीन. मात्र यापुढं दुसऱ्याच्या पासपोर्टवर उभं राहून नाही.

मावशींचा पासपोर्ट मृगाच्या तोंडावर आला. व्हिसाचे दिवस धरून निघायची अंदाजे तारीख मी मार्थाच्या लेकीला कळवली. तिचं उत्तर आलं: आईला सांगितलं, ती रोज विचारते, सुलू कुठल्या स्टेशनवर पोचली?

मावशींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "लिही तिला. लातूर रोड सोडलं म्हणून."