तापलेल्या लॅपटॉपला ओलं फडकं

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या हातून काय होऊन बसलं! मुकुंदवाडीत एका खोलीत तीन जीव राहायचे. एक मी म्हातारी, एक माझी नात प्रज्ञा आणि एक तिचा लॅपटॉप. तिघांत लाड कुणाचे जास्त, ते तुम्हीच ओळखा!

साल दुष्काळाचं. टँकर यायचा तो त्याच्या लहरीवर. प्रज्ञाची नोकरी कच्ची. ती पक्की होणार का, ते त्या दिवसाच्या कामावर होतं. सकाळीच म्हणाली, "आजी, एक स्क्रिप्ट लावलीय. ती आधी जुना प्रोग्राम चालवील, मग माझा नवा. कोण प्रोसेसरला किती राबवतो, ते मोजील. माझा कमी राबवणारा निघाला की झालं काम!"

"म्हंजे घड्याळ लावून बसायचं?"

"नाय गं. घड्याळ काय, उगं बसलं तरी पुढं जातं. खरं राबल्याचा वेळ तेवढा धरायचा."

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. पोरगी घागर घेऊन पळाली. जाता जाता ओरडली, "मशीनकडं लक्ष ठेव!"

लक्ष ठेव म्हंजे काय, नुसतं बघत बसू? हात लावला तर बाई, तव्यावानी तापलेला! आतला पंखा घूंऽ घूंऽ करतोय. माझा जीव तुटला. एवढंसं लेकरू अन् केवढं राबतंय! आपण माठ गार ठेवायला काय करतो? मी तेच केलं. झाकण मिटलं, फडकं भिजवलं, चांगलं पिळलं अन् वरून पांघरलं. पंखा गप! म्हटलं, निजलं गं बाई.

प्रज्ञा आली ती दारातच थिजली.

"आजी! हे काय केलंस?"

"लई दमलं होतं गं ते."

"अगं, निजवलंस त्याला! मधेच थांबलं सगळं. आता आकडे बिघडले तर माझी नोकरी…" तिचे डोळे भरले. मी झटकन फडकं ओढून घेतलं.

तिनं झाकण उघडलं. काम थांबलं होतं तिथूनच पुढं चालू झालं. दुपार कलली तेव्हा आकडे आले. घड्याळ लई पुढं गेलेलं. पण निजलेला वेळ राबण्यात धरलाच नव्हता. नव्या प्रोग्रामनं निम्म्या मेहनतीत काम उरकलं होतं!

पोरगी खरी. साहेबांना फोनवर, मशीन मधेच झोपवलं गेलं तेही सांगून टाकलं. फोन स्पीकरवर, मी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून ऐकतेय.

"काय सांगता! मधेच मशीन झोपवूनसुद्धा मोजणी चुकली नाही? ही तपासणी सुचली कुणाला?"

"आजीला, सर."

साहेब जे हसले! नोकरी पक्की झाली. पुढं पडेगावकडं नळ असलेलं घर भाड्यानं घेतलं, त्या नळाला पाणीसुद्धा येतं!

प्रज्ञा सांगते, हापिसात म्हणे प्रोग्राम टिकतो का ते बघायला, चाललेल्या कामात मुद्दाम खोड्या काढणारी पगारी माणसं ठेवतात. मी कपाळाला हातच लावला. जन्मभर हेच काम मी फुकटात करत आले की हो!